पाकटाचा दात उलटून पाहा

प्रति,
संग्रहालयाच्या जीवाश्म विभागाचे प्रमुख, सर्व अभिरक्षक आणि विश्वस्त मंडळ यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्या मागच्या दारावर नवा कागद चिकटवलेला दिसला. लोकांनी आणलेले नमुने पाहून ओळख सांगण्याची खिडकी बंद झाली आहे, यापुढे फोटो ऑनलाइन अर्जासोबत पाठवावेत आणि माशांच्या किरकोळ अवशेषांवर उत्तर मिळेलच असं नाही, असा त्याचा आशय. खाली सही नव्हती. माझ्या पिशवीत तेव्हा एक पसरट डबी होती आणि डबीत कापसावर मांडलेले 31 किरकोळ अवशेष. डबी न उघडता मी घरी परत आले. आठवडाभर थांबले, राग थोडा निवला, मग लिहायला बसले.

मी पेशानं हिशेबनीस. जीवाश्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. गेली 23 वर्षं सुट्टीच्या दिवशी कड्यांच्या पायथ्याशी, ओहोटीच्या वाळूत, खाणीबाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर, जिथे परवानगी असेल तिथे, गुडघे टेकून बसते. माती घरी आणते, भिजवते, चाळते, वाळवते आणि भिंगाखाली धरून चिमट्यानं निवडते. कोणाला डायनोसॉरचं वेड असतं, कोणाला अमोनाइटच्या वळणदार कवचांचं. माझ्या वाट्याला मासे आले: शार्कचे दात, पाकटांच्या (म्हणजे शार्कच्या नात्यातल्या चपट्या रे माशांच्या) दातांच्या लाद्या, नांग्यांचे तुकडे, मणके, खवले, कानातले खडे.

अख्खा मासा या 23 वर्षांत एकदाही मिळाला नाही. त्याचं कारण तुम्हाला मी सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगते. शार्क आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा. मेल्यावर तो बहुतेक कुजून जातो. मागे उरतात दात, कातडीवरचे काटे, शेपटीची नांगी आणि कधीमधी चुना साठून कडक झालेले मणके. त्यात शार्क जन्मभर दात टाकत राहतो, एकेक जण हजारोंनी. या प्राण्यांबद्दल जे काही माहीत आहे ते बहुतांशी अशा सुट्या तुकड्यांवरूनच. तेव्हा 'किरकोळ' या शब्दाच्या बाहेर नेमकं काय उरतं, हे कागद लिहिणाऱ्यानं सांगावं.

खिडकी म्हणजे माझ्यासाठी काय होतं, ते एका प्रसंगावरून कळेल. सुरुवातीच्या वर्षांत मला नखाएवढा एक काळा तुकडा सापडला. एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला कंगव्यासारखे दाते. 'लहान सस्तन प्राण्याची दाढ' अशी वहीत नोंद करून मी तो मोठ्या ऐटीत तुमच्याकडे आणला. तेव्हा खिडकीत एक वयस्क अभिरक्षक बसत. त्यांनी गुळगुळीत बाजूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तुकडा उलटा केला, भिंग लावलं आणि म्हणाले, "बाई, वरून सगळे सारखेच. मूळ बघायचं."

कंगव्यासारखं दिसत होतं ते दाताचं मूळ होतं. शंख-शिंपले चिरडून खाणाऱ्या गरुड-पाकटांच्या दाताला खालून अशा समांतर खाचा असतात. मग त्यांनी आतून अशा पाकटांच्या तीन प्रकारांचे तीन ट्रे आणले. मायलिओबॅटिसच्या जबड्यात मधोमध रुंद दातांची एक रांग आणि दोन्ही बाजूंना अरुंद षट्कोनी दातांच्या तीन-तीन रांगा. एटोबॅटसच्या जबड्यात एकच रांग, खालच्या जबड्यातला दात मधे वाकलेला, बाणाच्या टोकासारखा. रायनोप्टेराच्या रांगा पुष्कळ आणि त्यांची रुंदी मधून कडेकडे पायरीपायरीनं कमी होत जाते. इतकं सगळं दाखवून झाल्यावर ते म्हणाले, "तुझा दात सुटा आहे आणि झिजलेला आहे. गरुड-पाकटांच्या कुळातला, एवढंच मी लिहीन. त्यापुढे लिहिलं तर ती थाप होईल." आणि खरोखर तेवढंच लिहिलं. खाली कारण: 'मुळाला अनेक समांतर खाचा, वरचा भाग झिजलेला, रांग ठरवता येत नाही.' ते लेबल अजून माझ्याकडे आहे. पुढच्या सगळ्या वर्षांत मी जे काही शिकले ते त्या दोन ओळी गिरवतच.

आता तक्रारी.

फोटोपासून सुरुवात करते, कारण नव्या व्यवस्थेचा सगळा डोलारा त्याच्यावर आहे. फोटोत एक बाजू दिसते. वर सांगितलेला दात वरून टिपला तर तो काळ्या फरशीचा तुकडा वाटेल. अर्जात फोटो एकच जोडता येतो. शेजारी मोजपट्टी ठेवा, मुळाचा फोटो काढा, कड दाखवा, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. गोल, बटणासारखे दात घ्या. ते लेपिडोटीस या नामशेष माशाचे असू शकतात, तसेच नामशेष झालेल्या पिक्नोडाँट माशांचे असू शकतात, अगदी अलीकडच्या, शिंपले फोडून खाणाऱ्या एखाद्या हाडमाशाचेही. युरोपात शतकानुशतकं लेपिडोटीसचे असे दात बेडकाच्या डोक्यातले मणी समजून अंगठीत जडवत, विषावर उतारा म्हणून. वरून पाहून ओळख ठरवायची म्हटलं तर आपणही फार पुढे आलेलो नाही. पाकटाच्या नांगीचा तुकडा आणि शिंगाळ्यासारख्या माशाच्या परावरचा काटा यांचंही तसंच. दोन्हींना दाते असतात, आणि शिंगाळ्याच्या काट्याला बुडाशी सांधा असतो. बूड तुटलेलं असेल तर छेद पाहावा लागतो. काही माशांची हाडं जिवंतपणीच सुजल्यासारखी फुगतात. ती तर वाळूतला गोटा म्हणून फेकून दिली जातात. मीसुद्धा पहिली काही वर्षं फेकली असणार. किती, ते आता कोण सांगणार.

नर आणि मादी हा आणखी एक घोळ. रे माशांच्या काही जातींत नराचे दात टोकदार आणि मादीचे चपटे. एकाच जातीचे दोन दात दोन वेगळ्या ट्रेत जाऊन पडायला एवढं पुरतं. अशा ठिकाणी एका दातावरून काही ठरत नाही. एकाच थरातून आलेले पन्नास दात शेजारी शेजारी मांडावे लागतात. आमच्यासारख्यांकडे नेमके तेच असतात, डब्यांत भरून.

दुसरी तक्रार उत्तरांबद्दल आहे आणि ती फोटोपेक्षा मोठी आहे. तुमच्या नव्या पद्धतीनं मी तीन वेळा फोटो पाठवले. तुकडा एकच होता, उजेड वेगळा. पहिलं उत्तर आलं 'शार्कचा दात'. दुसरं 'कासवाच्या कवचाचा तुकडा'. तिसऱ्यात एक लांबलचक लॅटिन नाव होतं, जातीसकट, जणू काही तो मासा येऊन स्वतः सही करून गेला. कोणत्याही उत्तराखाली कारण नव्हतं आणि ते कोणी दिलं हेही नव्हतं. माणसानं दिलं की यंत्रानं, मला खरंच कळलं नाही. ज्याला 'माहीत नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'माहीत आहे'वर मी काय लिहू? हिशेबाच्या वहीत अशी नोंद कोणी केली तर आम्ही पावती मागतो.

तुम्ही चुकाल, याची मला चिंता नाही. या विषयात चुकण्याची परंपरा थोरामोठ्यांची आहे. इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळचे शेतकरी आल्फ्रेड लीड्स विटांच्या भट्ट्यांसाठी खणलेल्या मातीतून हाडं गोळा करत. त्यांतली काही 1887 मध्ये जॉन हल्क यांनी एका चिलखती डायनोसॉरच्या पाठीवरची म्हणून नोंदवली. पुढच्याच वर्षी अमेरिकेहून आलेले जीवाश्मतज्ज्ञ ऑथनिएल मार्श यांनी ती पाहिली, आणि निघाला अवाढव्य मासा. 1889 मध्ये आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी त्याचं नाव ठेवलं लीडसिक्थिस प्रॉब्लेमॅटिकस. आडनाव शेतकऱ्याचं, विशेषण अडचणीचं. टायकोडस या नामशेष माशाचं उदाहरण तर ताजंच आहे. त्याचे वळ्या असलेले, चिरडायला बनलेले दात डायनोसॉरांच्या शेवटच्या, क्रिटेशियस काळातल्या खडकांत जगभर मिळतात आणि जवळपास दोनशे वर्षं तो नेमका कोण, यावर वाद होता. कोणी त्याला पाकटांच्या जवळचा मानायचं, कोणी जुन्या हायबोडाँट शार्कांच्या. 2024 मध्ये मेक्सिकोतल्या वायेसियोच्या चुनखडीतले, शरीराची बाह्यरेषासुद्धा टिकलेले नमुने प्रसिद्ध झाले आणि तो मॅकरेल शार्कांच्या गणातला, वेगानं पोहणारा मासा ठरला. म्हणजे ज्यांनी लेबलवर 'टायकोडस, गण अनिश्चित' असं लिहून ठेवलं होतं त्यांची लेबलं खोटी ठरली नाहीत. बाकीच्यांना खोडावं लागलं.

दिलेल्या नमुन्यांबद्दलही बोलायला हवं. हे लिहिताना हात अडखळतो, कारण आतल्या लोकांपैकी काहींनी माझ्याशी फार चांगुलपणा केला आहे. काही वर्षांपूर्वी मी 140 दात आणि दातांच्या लाद्या तुम्हाला दिल्या. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी: जागा, थर, तारीख, चाळणीच्या जाळीचा आकार. पोचपावती मिळाली. नंतर एकदा कामानिमित्त आत गेले तेव्हा त्यांतला एक ट्रे दिसला. काही तुकड्यांत पायराइट होतं, खोलीत दमटपणा होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पायराइट हवेतल्या ओलाव्यानं फुटतं, आम्ल सुटतं आणि नमुन्याआधी कागद खातं. माझ्या चिठ्ठ्या तपकिरी होऊन भुगा झाल्या होत्या. दात अजून होते, पण ते कुठून आले हे आता फक्त माझ्या वहीत आहे. त्या वहीची प्रत मागायला अजून कोणी आलेलं नाही. मी स्वतःहून दोनदा पत्र लिहून देऊ केली आहे.

आता आमच्या बाजूच्या चुका, कारण त्या लपवून हे पत्र लिहिलं तर तुम्ही ते कचऱ्यात टाकाल, आणि ते रास्तच होईल. हौशी लोक जागा लिहून ठेवत नाहीत. दात चकाकावा म्हणून घासतात. तुटलेला तुकडा हाताला येईल त्या गोंदानं चिकटवतात, पुन्हा सोडवता येईल असा पॅरालॉइड सोडून. मी स्वतः एकदा चुनखडीतला एक गोळा ॲसेटिक आम्लात टाकला, कारण आम्ल चुना विरघळवतं आणि फॉस्फेटचे दात-हाडं मागे ठेवतं, असं वाचलं होतं. दात सुरेख निघाले. पण त्या गोळ्याच्या कडेला माशांच्या कानातले खडे दिसत होते, आणि ते खडे कॅल्शियम कार्बोनेटचेच. सकाळी पाहिलं तर पातेल्यात त्यांचा मागमूस नव्हता. माशाची जात सांगायला तो खडा पुष्कळदा दातापेक्षाही उपयोगी, त्यात वाढीची वलयंही दिसतात, आणि मी ते माझ्या हातांनी विरघळवले. खिडकीत बसलेल्या माणसाला आदल्या दिवशी विचारलं असतं तर एका वाक्यात वाचले असते. खिडकी नुसती नावं सांगण्यासाठी नव्हती. आमच्या हातून होणारी नासधूस तिथे थांबत होती.

तुमचं उत्तर काय असेल, याचा अंदाज आहे. माणसं नाहीत, वेळ नाही. माशांचे तज्ज्ञ निवृत्त झाले आणि जागा भरली नाही, हेही आम्हाला दिसतं. त्याबद्दल विश्वस्तांना वेगळं विचारणार आहे. दुसरं उत्तर असं येतं की ओळख सांगितली की लोकांना विकायला भाव मिळतो, उकरायला चेव येतो. ही भीती खोटी नाही. पण विकणारा खिडकीची वाट पाहत बसत नाही, तो मनाला येईल ते नाव लावून विकतो. वाट पाहतो तो शाळकरी मुलगा, ज्याला वाळूत नांगीचा तुकडा सापडला आहे. त्याला उत्तर मिळालं नाही तर तो तुकडा वर्षभरात कुठल्या तरी खणात हरवेल. आणि बेकायदा उकरलेलं काही खिडकीत आलं, तर ते पाहणारा तिथे कोणी तरी असेल. अर्जातल्या फोटोला ते विचारता येत नाही.

आमच्यासारख्यांकडून तुम्हाला काय मिळतं, याचा हिशेब मांडायचा मोह आवरत नाही, पेशाच तो. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लाइम रीजिसच्या कड्यांखाली मेरी ॲनिंग या संग्राहक बाईंना 1829 मध्ये एक विचित्र मासा सापडला, स्क्वालोराया. तो शार्क आणि रे यांच्या मधला दुवा वाटला. आज त्याला कायमेरांच्या, म्हणजे शार्कच्या दूरच्या नातेवाइकांच्या गोतावळ्यात धरतात. 1834 मध्ये जीवाश्म माशांचे त्या काळातले सर्वांत मोठे अभ्यासक लुई आगासी तिथे गेले, तेव्हा परांच्या कोणत्या काट्याचा कोणत्या शार्कशी मेळ बसतो, हे मेरी ॲनिंग आणि त्यांची संग्राहक मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट यांनी त्यांना दाखवलं. ओळख सांगणारं कोण आणि ऐकणारं कोण, ते पाहा. आगासींनी दोघींचे आभार लेखी मानले आणि दोघींच्या नावांवरून माशांच्या जातींना नावं दिली. स्कॉटलंडमधल्या थर्सोचे रॉबर्ट डिक पाव भाजायचे आणि उरलेल्या वेळात जुन्या लाल वालुकाश्माच्या काळातले मासे गोळा करायचे. मायक्रोब्रॅकियस डिकी या चिमुकल्या चिलखती माशाच्या नावात ते अजून आहेत. माझं नाव कुठे लागावं अशी अपेक्षा नाही. माझ्या चिठ्ठ्या वाळवी लागल्यासारख्या खाल्ल्या जाऊ नयेत, एवढीच आहे.

मागण्या अशा.

खिडकी महिन्यातून एक दिवस उघडा. रोज नको. त्या दिवशी भिंग, सूक्ष्मदर्शक आणि तुलनेसाठी आजच्या माशांचे जबडे, मणके, नांग्या आणि खडे टेबलावर असू द्या. तज्ज्ञ नसेल तर आमच्यातल्याच जुन्या लोकांना शिकवून बसवा. आम्ही फुकट बसू आणि जे कळणार नाही ते बाजूला ठेवू.

फोटोंची सोय हवी तर ठेवा. पण अर्ज बदला: वरून, खालून, कडेनं असे किमान तीन फोटो, मोजपट्टीसह, आणि कुठे सापडलं त्यासाठी जागा. उत्तर यंत्रानं दिलं असेल तर तसं लिहा.

प्रत्येक ओळखीखाली कारणाची एक ओळ आणि ओळखणाऱ्याची आद्याक्षरं. कुळापर्यंतच सांगता येत असेल तर कुळापर्यंतच. 'सांगता येत नाही' हेही कारणासकट लिहा, आम्ही ते जपून ठेवू.

माझ्या आणि इतरांच्या दिलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या तपासा. पायराइट असलेले ट्रे कोरड्या कपाटात हलवा. ज्यांच्या चिठ्ठ्या गेल्या त्यांच्या वह्यांवरून नव्या लिहून घ्या. यासाठी मी माझी वही घेऊन येईन, टेबलाच्या कोपऱ्यावर बसेन आणि 140 ओळी स्वतः लिहीन. पेन्सिल माझी, आम्लमुक्त कागद तुमचा.

आणि दारावरच्या त्या कागदावर कोणाची तरी सही येऊ द्या, म्हणजे पुढचं पत्र कोणाला लिहायचं ते कळेल.

आपली,
एक हौशी संग्राहक

ता. क. 31 पैकी सातव्या क्रमांकाचा तुकडा पाहून ठेवावा अशी विनंती आहे. वरून तो पाकटाच्या लादीतल्या कडेच्या दातासारखा दिसतो, पण मुळाला खाचाच नाहीत. मी तीन शक्यता लिहिल्या आणि तिन्ही खोडल्या. डबी कधी आणू ते कळवावं.